बापूला महाळुंग्याला ठेवायला गेलो त्याची हकिकत

हल्ली जो उठतो तो काश्मीरला जातो आणि परत आला की त्यावर लिहितो. आमच्या टाइम ऑफिसातल्या एका कारकुनाचे साडू विलायतेला जाऊन आले. त्यांनी बोटीवर काय काय खाल्लं यातच चाळीस पानं भरली आहेत. मी पिंपरीहून महाळुंग्याला गेलो. सरळ गेलं तर अंतर पंधरा-सोळा मैल भरेल, आणि मी सरळ गेलो नाही. तरीही आमच्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांनी इंद्रायणीपलीकडे पाऊल टाकलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण कोण कुठे गेला होता आणि किती उशिरा आला हे लिहून ठेवणं हाच माझा धंदा आहे. त्यांच्यासाठी हे वर्णन.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. या प्रवासाचा बराचसा भाग मी झोपेत केला. जे मी पाहिलं नाही ते माझ्या मुलाने पाहिलं आणि मला सांगितलं. तो सात वर्षांचा आहे, तेव्हा वाचकांनी बैलांच्या वेगात थोडी वजावट करून घ्यावी.

मी मूळचा बार्शीचा. पिंपरीच्या माळावर औषधांचा नवा कारखाना निघाला तेव्हा टाइमकीपर म्हणून आलो. गेटाशी पितळी बिल्ल्यांची फळी असते, कामगार आत जाताना आपला बिल्ला उचलतो, आणि भोंगा झाल्यावर फळीवर जे बिल्ले उरतात त्यांची नावं मी लिहून घेतो. माझी पाळी दर आठवड्याला बदलते. दोन वर्षांपूर्वी माझी बायको विषमज्वराने गेली. तेव्हापासून घरात कुसुम, वय वर्षं अकरा, बापू, वय वर्षं सात, आणि मी. मी पाळीवर असलो की शेजारच्या सिंधी चाची पोरांवर लक्ष ठेवतात. त्या फाळणीनंतर इथल्या कँपात आल्या. त्यांच्यामुळे बापू भाकरीच्या आधी पापड मागतो. बाकी सगळं घर कुसुम चालवते. मी जागा असतो तेव्हा घरी नसतो, आणि घरी असतो तेव्हा बहुधा झोपलेला असतो. रातपाळीच्या आठवड्यात तर दिवसभर आमच्या दोन खोल्यांत एकच वाक्य ऐकू येतं, "बापू, हळू." मागल्या महिन्यात रातपाळीवरून येताना मला सायकलवर झोप लागली आणि मी सायकलसकट ओढ्यात उतरलो. कपाळाला तीन टाके पडले. गेटावर लोकांनी विचारलं, मी त्यांना मांजर आडवं आल्याचं सांगितलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी महाळुंग्याहून माझ्या मेहुण्याचं, खंडूचं कार्ड आलं. खंडूला लिहिता येत नाही, त्याची कार्डं गावचे मास्तर लिहितात. मजकूर असा: "कार्ड पोचले, मजकूर समजला. चैत्रात यात्रेस मुलांसह यावे. बापूस ठेवून घेतो. चौथीपर्यंत शाळा गावातच आहे. काळजी नसावी." कार्ड पोचले, मजकूर समजला, हे मास्तर लोक श्री लिहावं तसं लिहितात, त्याकडे कोण लक्ष देतो. मी वाचलं ते पुढचं. खंडू बापूला मागत होता. कुसुमला मागत नव्हता, फक्त बापूला. मुलगा सगळ्यांनाच हवा असतो, असं मी मनाशी म्हटलं. मला थोडा राग आला, आणि रागापेक्षा जास्त बरं वाटलं, हेही कबूल करून टाकतो. मुलांना मी यातलं काही सांगितलं नाही. "मामाकडे यात्रेला जायचं," एवढंच म्हणालो. बापू उड्या मारू लागला. कुसुम म्हणाली, "बापू, हळू."

याच सुमारास आमच्या साहेबांनी एका इंग्रजी मासिकात वाचलं, की बापाने रोज काही वेळ मुलांसाठी राखून ठेवावा, नाहीतर मुलं बिघडतात. साहेब अविवाहित आहेत, त्यामुळे त्यांना असल्या गोष्टी लगेच पटतात. त्यांनी मला तीन दिवसांची रजा हसत दिली. मीही मनावर घेतलं, आणि कारखान्याच्या कोऱ्या तक्त्यावर तीन दिवसांचं वेळापत्रक आखलं. आठ ते नऊ, कुसुमशी बोलणे. एक ते दोन, बापूबरोबर खेळ. पोराला दुसऱ्याच्या दारी ठेवायचंच आहे, तर निदान तीन दिवस त्याला बापाचा सहवास घडवावा, असा माझा उदार विचार होता.

गुरुवार. देहू

पिंपरी ते देहूरोड या आगगाडीच्या प्रवासाबद्दल मला काही सांगता येत नाही. कुसुमने खांदा धरून हलवलं तेव्हा स्टेशन आलं होतं. तिथून टांग्याने देहूला गेलो आणि आठाच्या आत नदीच्या घाटावर पोचलो.

देहूला इंद्रायणीचा डोह आहे आणि डोहात हातभर लांबीचे मासे आहेत. त्यांना कोणी धरत नाही. चुरमुरे टाकले की पाणी उकळल्यासारखं होतं. आमच्या बार्शीकडे एवढा मासा दिसला असता तर दुसऱ्या दिवशी त्याचा काटासुद्धा उरला नसता. इकडे म्हाताऱ्या बायका त्यांच्याशी नावाने बोलतात. बापू पायरीवर बसून चुरमुरे टाकत होता. आठ वाजले होते. मी कुसुमला जवळ बोलावलं आणि म्हणालो, "हं, बोल."

"काय बोलू?" कुसुमने विचारलं.

मी म्हणालो की काहीही बोल, आपल्याला नऊपर्यंत वेळ आहे. तिने विचार केला. मग तिने मला भूक लागली का ते विचारलं. मी नाही म्हणालो. तिने डोकं दुखतंय का विचारलं. तेही नव्हतं. मी तिला शाळेबद्दल विचारलं, ती म्हणाली, बरी आहे. सव्वाआठला आमचे विषय संपले. तिने भाकऱ्यांचं गाठोडं सोडून पुन्हा बांधलं. मी म्हणालो, जरा देवळात टेकतो.

देऊळ चांगलं आहे. सभामंडपातली फरशी थंडगार आहे आणि तिथे वारा येतो, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. उठलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. कुसुम माझ्या डोक्याशी बसून पदराएवढ्या फडक्याने माशा वारत होती, आणि बापू दोन खांबांपलीकडे बसून मला कळू न देता देहू पाहून आल्याच्या आनंदात होता. त्याने एका माणसाचं डोकं भादरताना पाहिलं होतं, माशांची लग्नं पाहिली होती, आणि एका बैराग्याने त्याला आपला शंख हातात धरू दिला होता. "वाजवलास?" मी विचारलं. त्याने मान हलवली. "दादा, तुम्ही झोपला होता ना," तो माझ्या कानाशी म्हणाला.

दुपार कलल्यावर नदी ओलांडली. चैत्रात पाणी गुडघ्याच्या वर नसतं. बापू स्वतः चालू शकला असता, त्याला चालायचंही होतं, पण कुसुमने त्याला पाठीवर घेतलं आणि ती शेवटपर्यंत त्याला उतरवेना. मी रिकाम्या हाताने चालत होतो, म्हणून अर्थातच मी खड्ड्यात गेलो. एक चप्पल वर आली, दुसरी आळंदीच्या दिशेने निघून गेली. पैलतीरावर खंडू गाडी जुंपून उभा होता. सासुरवाडीला जावयाने एका चपलेत येणं त्याला बहुधा शोभलं नसावं, कारण तो "या" एवढंच म्हणाला. पूर्वी मला पाहिलं की दहा पावलांवरून "दाजी, दाजी" करत यायचा. त्याने बापूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता बैल हाकलले.

गाडीत मी आडवा झालो. अर्धवट झोपेत मला कुसुमचा आवाज येत होता. ती बापूकडून आमच्या पिंपरीच्या घराचा पत्ता पाठ करून घेत होती, टपालाच्या गावासकट. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. यात्रेला जातानाही मुलीला भावाच्या अभ्यासाची काळजी, याचं मला कौतुक वाटलं.

शुक्रवार. महाळुंगे

महाळुंगे हे गाव भामा आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधल्या पठारावर आहे. काळी जमीन, बाभळी, कांदा. घरं धाब्याची. माणसं उंच, कमी बोलणारी आणि बैलांवर जीव टाकणारी. यात्रेच्या दिवशी सकाळी घरोघरी पुरणपोळी. आमच्याकडे पोळी तुपाबरोबर खातात, इकडे ती गुळवणीत बुडवून तिचा काला करतात आणि वर झणझणीत आमटी ओढतात. खंडूची बायको सरू, हिला मी वहिनी म्हणतो, तिला चार मुलं, आंधळी सासू आणि यात्रेचे अकरा पाहुणे. ती पहाटेपासून चुलीपुढून उठली नव्हती. कुसुम न सांगता तिच्या शेजारी जाऊन पुरण वाटायला बसली.

या गावच्या चालीरीतींबद्दल दोन शब्द. बार्शीकडे पाहुण्याला आधी जेवलात का म्हणून विचारतात. महाळुंग्यात विचारतात, "झोप लागली का, पाव्हणं?" पाटलांनी विचारलं, सुताराने विचारलं, देवळापुढे नारळ विकणाऱ्या बाईने विचारलं. मी प्रत्येकाला लागली म्हणून सांगितलं. दुसरं म्हणजे हे लोक फार हळू बोलतात. मी ओसरीवर बसलो की समोरची माणसं आवाज खाली आणत, आणि अंगणात पोरं खेळत असली तर कोणीतरी त्यांना गोठ्यामागे हाकलून देई. मावळातला माणूस रांगडा असतो, हा समज किती चुकीचा आहे, असं मी माझ्या टिपणवहीत लिहून ठेवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि ती मी कोणाला दाखवत नाही.

दुपारी बैलगाड्यांच्या शर्यती. गावाबाहेर चढाची एक लांब पट्टी आहे, तिला घाट म्हणतात. हलका गाडा, त्याला बैल जुंपलेले, पुढे एक घोडी. एका गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. बैल सुटले की दोन्ही बाजूंनी हजार माणसं एकदम ओरडतात. पहिली बारी मी पाहिली. दुसरीला माझी पाठ बाभळीला लागली.

पुढचं वर्णन बापूचं. खंडूमामाचे बैल सगळ्यांत जोरात पळाले. इतके जोरात, की चाकं जमिनीला लागतच नव्हती. धुळीत मामा दिसेनासा झाला आणि मग एकदम निशाणापाशी उगवला. लोकांनी त्याच्या अंगावर भंडारा उधळला. मामाने बापूला उचलून बैलाच्या पाठीवर बसवलं आणि बापूने "भिर्रर्र" अशी आरोळी ठोकली, ती घाटाच्या टोकापर्यंत गेली. हे सगळं होत असताना मी तोंड उघडं टाकून झोपलो होतो, असं खंडूच्या थोरल्याने सांगितलं.

बापूचा खेळाचा तास एक ते दोनऐवजी चार ते पाच असा बदलून घ्यावा लागला. गोठ्यात एक महिन्याचा गोऱ्हा होता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. बापूने त्याच्याशी दोस्ती केली होती. मी जाऊन बसलो आणि म्हणालो, आपण शर्यत शर्यत खेळू. बापू बैल झाला, मी गाडीवान. तो गोठ्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळाला आणि टोकाला पोचल्यावर दोन्ही हात वर करून, माझ्याकडे बघत, कुजबुजला, "भिर्रर्र."

मी म्हणालो, मोठ्याने म्हण की. त्याने पुन्हा केलं. तसंच, ओठ हलवून, श्वासाच्या आवाजात. गोठ्याबाहेर मामाच्या पोरांबरोबर तो ओरडत होता ते मी ओसरीवरून ऐकलं होतं, आणि कोणाचं पोर इतकं ठणठणीत आहे म्हणून मान वर केली होती. मला वाटायचं बापूचा आवाजच बारीक आहे. तो माझ्यासाठी वेगळा आवाज ठेवतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि फार वाईट वाटलं. मग मी स्वतःची समजूत काढली, की चला, इथे राहील तर मनसोक्त ओरडेल तरी. माणसाला आपल्या सोयीचा विचार सुचायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी पंगतीत खंडू माझ्या शेजारी होता. बैल जिंकले होते, लोक त्याची पाठ थोपटत होते, तरी माझ्याशी अवाक्षर नाही. शेवटी भात कालवता कालवता तो म्हणाला, "पोरगं किती खातंय ते आमाला सांगाया नको हुतं, दाजी. भाचा हाय माजा."

मला काही उलगडा होईना. मी म्हणालो, तो खरंच फार खात नाही. खंडू ताटावरून उठला.

शनिवार. महाळुंगे ते चाकण

शनिवारी चाकणचा बाजार. खंडू कांद्याची गाडी घेऊन निघणार होता, त्याच गाडीने कुसुम आणि मी चाकणला जाऊन पुण्याची यष्टी पकडायची, बापू मागे राहील, असं ठरलं होतं. बापूला सांगायचं काम मी सकाळपासून पुढे ढकलत होतो. आधी चहा झाल्यावर, मग अंघोळ झाल्यावर. त्याची कपड्यांची पिशवी वेगळी करून खुंटीला टांगलेली दिसली. ती कुसुमने टांगली असेल असं मनात येऊन गेलं, आणि तिला कसं कळलं हा प्रश्न काही मनात आला नाही.

वहिनी भाकरी थापत होत्या. घरात त्या, मी आणि कोपऱ्यात आंधळी सासू. परातीतून मान वर न करता त्या म्हणाल्या, "दाजी, येक इचारू? राग न्हाई ना यायचा?"

मी म्हणालो, विचारा.

"पोराचा आवाज येवढा जड झाला व्हय तुमाला? आई न्हाई त्याला. येवढंसं पोर वरडनार न्हाई तर कोन वरडंल?"

मी म्हणालो, मी असं कधी कोणाला बोललो? खंडूने कार्ड पाठवून त्याला मागून घेतलं म्हणून मी आणला, नाहीतर माझ्या मनातसुद्धा नव्हतं. वहिनींचा हात भाकरीवर थांबला. त्या उठल्या, देवळीतल्या गणपतीमागून एक कार्ड काढलं आणि पीठ लागलेल्या हाताने माझ्यापुढे धरलं. "ह्ये तुमीच लिवलं न्हवं? मास्तरांनी चावडीत सगळ्यांम्होरं वाचलं. धनी दोन दिस जेवलं न्हाईत. पर भनीचं लेकरू, न्हाई कसं म्हनायचं. चारांत पाचवं, म्हनलं हूं दे."

कार्डावर होतं ते असं:

"चि. खंडू यास अनेक आशीर्वाद. वि. वि. येथे सर्व क्षेम. पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात सायकलीवर झोप लागून पडलो व कपाळास टाके पडले. रातपाळीनंतर दिवसा झोप मिळत नाही. बापू लहान आहे, तो आवाज करतो. तरी त्यास चौथीपर्यंत तुमच्याकडे ठेवून घ्यावे. तो फार खात नाही. रात्री उठून पाणी मागतो, तांब्या उशाशी ठेवावा. कुसुमला ठेवून घेऊ नये, ती कामाची आहे. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद."

अक्षर कुसुमचं होतं. खाली सही माझी होती, कारखान्यात करतो तशी, तारखेसकट.

वाचकांना सांगायला हवं, की आमच्या घरची कार्डं कुसुमच लिहिते. संक्रांतीची, बार्शीच्या चुलत्यांची, सगळी. तिला मायने मला येत नाहीत इतके येतात. रातपाळीवरून आलो की ती कार्डं पुढे ठेवते, मी सह्या करतो आणि झोपतो. गेटावर मी दुसऱ्याची पाच मिनिटं सोडत नाही, प्रत्येक ओळ दोनदा वाचतो. घरच्या कागदावर मी आजवर काय काय कबूल केलं असेल देव जाणे. गावात सगळे मला झोपेबद्दल का विचारत होते तेही आता कळलं.

कुसुम विहिरीवर होती. माझा सदरा धूत होती. मी कार्ड तिच्यापुढे धरलं. तिने हात पुसले, पण कार्ड घेतलं नाही.

"हे तू लिहिलंस?"

"तुम्ही सही केलीत ना," ती म्हणाली.

"मी वाचलं नव्हतं, कुसुम."

तिने सदरा पिळला. तो आधीच पिळलेला होता. "मला वाटलं, वाचलंत. मी दोन दिवस वाट बघत होते, तुम्ही रागवाल म्हणून. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग मामाचं कार्ड आलं, तेव्हाही नाही. तेव्हा मला वाटलं, तुम्हालाही तेच हवंय."

म्हणजे महिनाभर ही अकरा वर्षांची मुलगी एका घरात माझ्याबरोबर वावरत होती, माझा डबा भरत होती, आणि तिला वाटत होतं की बापाला आपला भाऊ नकोसा झाला आहे, आणि ते आपणच त्याला सुचवलं. नदीतून त्याला पाठीवरून उतरवलं नाही ते यासाठी. पत्ता घोकून घेतला तो यासाठी, निदान कार्ड टाकता यावं म्हणून. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की विहिरीवर दुसऱ्या बायका नसत्या तर मी तिथेच रडलो असतो. असल्या म्हणून नाही रडलो, एवढाच माझा पुरुषार्थ.

मी म्हणालो, बापू आपल्याबरोबर येतो आहे.

"मग तुम्ही झोपणार कधी?" कुसुमने विचारलं.

याचं उत्तर माझ्या वेळापत्रकात नव्हतं. मी तिला खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. साहेबांना पाळीबद्दल विचारून बघतो, ते बहुतेक नाही म्हणतील, पण त्याचा विचार मी करायचा आहे, तिने नाही. तिने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, वडील माणूस बोललं म्हणून. मग ती म्हणाली, "त्याची पिशवी काढते," आणि ओला सदरा माझ्या हातात देऊन घराकडे पळाली. मी तिला पळताना पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

खंडूला सगळं सांगायला मला फारसे शब्द लागले नाहीत. त्याने ऐकलं, कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, आणि म्हणाला, "येवढ्याशा पोरीनं लिवलं व्हय? आन मी तुमाला शिव्या घालत बसलो." मग माझ्या पायांकडे बघून त्याने आपल्या वहाणा काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. तो अनवाणी गाडीवर चढला आणि चाकणपर्यंत त्याने मला बैलांच्या आजापणजापर्यंतचा इतिहास ऐकवला. मी सगळा ऐकला. तो इथे देत नाही.

चाकणला पाहण्यासारखं पुष्कळ आहे. मातीच्या बुरुजांचा जुना किल्ला आहे, त्याभोवती खंदक आहे. शनिवारचा बाजार तर प्रसिद्धच. कांद्याचे ढीग, मिरच्या, घोंगड्या, बैल आणि बैलांचे दात बघणारी माणसं. हे सगळं आम्ही घाईने ओलांडलं, कारण बापूचं तोंड उतरलेलं होतं. निघताना वहिनींनी त्याच्या हातात पोळ्यांचं पुडकं दिलं होतं आणि त्याला सहज म्हणाल्या होत्या, "पुन्ना ये रं. या खेपेला तुला ठिवूनच घेनार हुतो." गाडीत त्याने त्यावर विचार केला असावा.

यष्टीत बसलो. कुसुम खिडकीशी, मध्ये बापू, अलीकडे मी. गाडी हलली तेव्हा त्याने कुसुमला विचारलं, ते खरं का. ती खोटं बोलत नाही. ती म्हणाली, खरं होतं, पण आता रद्द झालं.

आणि बापूने भोकाड पसरलं. त्याला राहायचं होतं. त्याला गोऱ्हा हवा होता, मामाचे बैल हवे होते, घाट हवा होता. ज्याला ठेवून घ्यायला एक घर जिवावर उदार झालं होतं आणि ज्याला परत न्यायला दुसरं, तो मुलगा आम्हा दोघांच्या मध्ये बसून आम्हा दोघांनाही लाथा मारत होता. काय तो आवाज! कंडक्टरने तिकिटं देता देता मान वळवली. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने कानावर पदर घेतला. मी सवयीने वाट बघत होतो, की आता कुसुम ते दोन शब्द म्हणेल.

बापूसुद्धा वाट बघत असावा. मोशीच्या आसपास तो मध्येच थांबला, हुंदका गिळला आणि घाबरून माझ्याकडे बघू लागला. कुसुमने त्याचे नाक-डोळे पुसले आणि म्हणाली, "रड तू. दादा जागे आहेत."